जीव भांड्यात पडायला वेळ लागतो

“टेन्शन घेऊ नकोस.” दवाखान्यात हे वाक्य मी रोज ऐकतो. नवरा बायकोला सांगतो, मुलगी आईला सांगते, कधी शेजारच्या खुर्चीवर बसलेले अनोळखी काकासुद्धा सांगतात. सांगणाऱ्याच्या मनात मायाच असते. पण पंचवीस वर्षांच्या प्रॅक्टिसमध्ये हे वाक्य ऐकून कुणाचं टेन्शन उतरलेलं मी पाहिलेलं नाही. टेन्शन कुणी हौसेने घेत नाही. ते येतं आणि थेट शरीरात येतं: रक्तात, स्नायूंत, नाडीच्या ठोक्यांत. ते चढतं कसं हे नीट कळलं, तर ते उतरवायचं कसं हेही कळायला लागतं.

माझा दवाखाना डोंबिवलीत, स्टेशनपासून चालत दहा मिनिटांवर आहे. संध्याकाळी साडेसातनंतर येणारे बहुतेक पेशंट गाडीतून उतरून तसेच आलेले असतात. गेल्या पावसाळ्यात चव्वेचाळीस-पंचेचाळीस वर्षांच्या एक ताई आल्या. गाडी उशिरा, मुलाच्या शाळेतून फोन, सासऱ्यांचे रिपोर्ट आणायचे राहिलेले, त्यात जिना चढून आलेल्या. आल्या आल्या बीपी घेतलं तर १५६/९८. मी म्हटलं, “ताई, फोन पर्समध्ये ठेवा. पाठ टेकून बसा, पाय जमिनीवर टेकवा, दहा मिनिटं कुणाशी बोलू नका.” दहा मिनिटांनी पुन्हा घेतलं, १३४/८६. मधल्या वेळात ना गोळी दिली ना इंजेक्शन. त्यांनी विचारलं, “डॉक्टर, मग खरा आकडा कुठला?”

दोन्ही खरे. पहिला आकडा त्यांचा दिवस सांगत होता. दुसरा सांगत होता की शरीराला खाली यायची संधी मिळाली तर ते येतं. अडचण एवढीच की ही दहा मिनिटं त्यांना दिवसभरात पहिल्यांदा मिळाली होती, तीही डॉक्टरने बळेच बसवलं म्हणून. (बीपीची गोळी सुरू करायची की नाही हे मी त्या दिवशी ठरवलं नाही. पुढचे काही दिवस घरी सकाळ-संध्याकाळ मोजून आकडे लिहून आणायला सांगितलं. एका मोजणीवर आयुष्यभराची गोळी लागू नये.)

आपल्या भाषेला हे सगळं फार आधीपासून ठाऊक आहे. घाबरल्यावर मराठी माणूस काय म्हणतो ते आठवून पाहा. तोंडचं पाणी पळालं. खरोखरच पळतं, कारण लाळ कमी होते. हातपाय गार पडले. त्वचेतल्या बारीक रक्तवाहिन्या आकसतात आणि तिथलं रक्त मोठ्या स्नायूंकडे वळतं, म्हणून बोटं गार लागतात. पोटात गोळा आला. आतड्यांचा रक्तपुरवठा कमी होतो, पचनाचं काम तहकूब होतं. अंगावर काटा आला. केसांच्या मुळाशी असलेले इवलेसे स्नायू आवळले जातात. छातीत धडधडलं, डोळे विस्फारले. आपण ज्यांना वाक्प्रचार म्हणतो ती शरीरात खरोखर घडणाऱ्या गोष्टींची यादी आहे. पुस्तकात हेच पान-दीड पान भरून लिहिलेलं असतं.

हे कशासाठी होतं, याचा पहिला नीट माग वॉल्टर कॅनन या अमेरिकी संशोधकाने काढला. क्ष-किरणांचा शोध लागला १८९५ मध्ये. त्यानंतर थोड्याच काळात, हार्वर्डमध्ये वैद्यक शिकत असताना, कॅनन मांजरांना क्ष-किरणांत दिसेल असं खाणं देऊन त्यांचं पोट कसं हलतं ते पाहत होता. त्याच्या लक्षात आलं की मांजर घाबरलं किंवा चिडलं की पोटाची हालचाल थांबते आणि ते शांत झालं की पुन्हा सुरू होते. पुढे १९१५ मध्ये त्याने या अवस्थेचं सविस्तर वर्णन केलं. समोर धोका दिसला की शरीर झुंजायला किंवा पळायला तयार होतं, आणि त्या घडीला बिनकामाची खाती बंद करतं. वाघ मागे लागलेला असताना दुपारचं जेवण पचवत बसण्यात अर्थ नसतो.

ही तयारी दोन टप्प्यांत होते, आणि ताणाबद्दल एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ती हीच ठेवा. पहिला टप्पा ॲड्रेनलिन या हार्मोनचा. मूत्रपिंडांच्या डोक्यावर टोपीसारख्या बसलेल्या दोन ग्रंथींतून ते काही सेकंदांत रक्तात उतरतं आणि काही मिनिटांतच ओसरायला लागतं. दुसरा टप्पा कॉर्टिसोल या दुसऱ्या हार्मोनचा. मेंदूतून निरोप निघतो, तो मेंदूच्या तळाशी असलेल्या पीयूषिका ग्रंथीकडे जातो, तिथून रक्तावाटे त्याच टोपीसारख्या ग्रंथींकडे. या साखळीला वेळ लागतो. रक्तातलं कॉर्टिसोल प्रसंगानंतर साधारण वीस ते तीस मिनिटांनी शिखर गाठतं, आणि ओसरायला त्यापुढे तासभर किंवा अधिकही लागतो.

म्हणजे रिक्षावाल्याशी सुट्ट्या पैशांवरून झालेलं भांडण दोन मिनिटांत मिटतं, पण तुम्ही घरी पोचून चपला काढत असता तेव्हा कॉर्टिसोल जेमतेम माथ्यावर आलेलं असतं. मग भाजीत मीठ कमी पडलं एवढ्यावरून आवाज चढतो, आणि पोरगं बिचारं विचारात पडतं की मी केलं काय. जीव भांड्यात पडतो असं आपण म्हणतो, पण तो धपकन पडत नाही. हळूहळू उतरतो, आणि त्या उतरण्याला वेळ द्यावा लागतो.

इथवर काही बिघडलेलं नाही. परीक्षेच्या आधी, मुलाखतीच्या आधी, नाटकात पडद्यामागे उभं असताना जे होतं ते चांगलंच असतं. ते जागं करतं, नेमकं लक्ष द्यायला लावतं. रस्त्यात कुत्रं मागे लागतं, आपण पळतो, कुत्रं मागे राहतं आणि प्रकरण संपतं. गाडी बिघडते ती दुसऱ्या ठिकाणी, जीव टांगणीला लागतो तेव्हा. घराचा हप्ता, आईचा न आलेला रिपोर्ट, दोन महिन्यांनी नोकरी राहणार की जाणार, मुलीची बारावी. इथे पळण्यासारखं काही नसतं आणि झुंजायला समोर कुणी नसतं. माणसाच्या मेंदूला खरा धोका आणि मनात रंगवलेला धोका यांत फारसा फरक करता येत नाही. रात्री दोन वाजता, घरात सामसूम असताना, नुसत्या विचाराने नाडी शंभरावर जाते. कुत्रं नाही, पण पळण्याची तयारी चालूच राहते, दिवसचे दिवस.

हान्स सेल्ये हा संशोधक १९३० च्या दशकात कॅनडातल्या माँट्रियलला उंदरांवर प्रयोग करत होता. त्याने पाहिलं की थंडी असो, जखम असो वा विष, उंदरांच्या शरीरात बदल सारखेच होतात: त्या टोपीसारख्या ग्रंथी फुगतात, प्रतिकारशक्तीशी संबंधित ग्रंथी आक्रसतात, जठरात व्रण होतात. १९३६ मध्ये त्याने हे प्रसिद्ध केलं. ताण हा शब्द आज आपण ज्या अर्थाने वापरतो तो रूढ होण्यात त्याचा मोठा वाटा आहे. माणसांबद्दलचा एक प्रयोग मला नेहमी आठवतो. शेल्डन कोहेन आणि सहकाऱ्यांनी १९९१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ३९४ धडधाकट लोकांच्या नाकात सर्दीच्या विषाणूंचे थेंब घातले होते. आधी प्रत्येकाच्या आयुष्यात किती ताण आहे ते विचारून ठेवलं होतं. ताण जितका जास्त, तितकी सर्दी होण्याची शक्यता जास्त निघाली. मार्च-एप्रिलमध्ये, म्हणजे परीक्षा आणि ताळेबंदाच्या दिवसांत, “डॉक्टर, सारखी सर्दी होतेय” म्हणणाऱ्यांना मी हे सांगतो.

मधुमेह असणाऱ्यांनी आणखी एक लक्षात घ्यावं. कॉर्टिसोल यकृताला साखर सोडायला सांगतं, कारण पळायला इंधन हवं. म्हणून पथ्य सांभाळूनही एखाद्या आठवड्यात साखर वाढलेली दिसते. अशा वेळी घरच्यांनी लगेच “चोरून गोड खाल्लंस” असा आळ घेऊ नये. एक गैरसमजही इथेच काढून टाकतो. टेन्शनमुळेच अल्सर होतो असं अजूनही सर्रास बोललं जातं. बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन यांनी दाखवून दिलं की जठरातल्या बहुतेक व्रणांमागे एक जिवाणू असतो. त्याबद्दल त्यांना २००५ चं नोबेल मिळालं. वेदनाशामक गोळ्या वारंवार घेणं हे दुसरं मोठं कारण. तेव्हा पोट सारखं जळत असेल तर टेन्शन आहे म्हणून सोडून देऊ नका, तपासून घ्या.

आता उतरवण्याबद्दल. एक गोष्ट वाचता वाचताच करून पाहा. डाव्या मनगटावर, अंगठ्याच्या मुळाशी, उजव्या हाताची दोन बोटं ठेवा. नाडी लागली? आता सावकाश श्वास आत घ्या आणि त्याहून सावकाश सोडा. चार-पाच वेळा करा. श्वास आत घेताना ठोके किंचित भराभर पडतात आणि सोडताना रेंगाळतात. लहान मुलांत हे फार स्पष्ट जाणवतं, वय वाढेल तसं कमी होतं, पण लक्ष दिलं तर बहुतेकांना सापडतं. पेशंटला हे पहिल्यांदा सापडतं तेव्हा त्याचा चेहरा बघण्यासारखा होतो. आपल्या हृदयाशी आपलं कधी बोलणंच झालं नव्हतं, आणि आज त्याने उत्तर दिलं, असा.

यामागचं कारण सांगतो. हृदयाला एकटं सोडलं तर ते मिनिटाला साधारण शंभर ठोके देतं. आपली नाडी बसल्या जागी सत्तर-बहात्तर असते, कारण मेंदूतून निघून मानेतून छातीपोटापर्यंत जाणारी व्हेगस नावाची नस हृदयावर सतत ब्रेक दाबून ठेवते. श्वास आत घेताना हा ब्रेक थोडा सुटतो, बाहेर सोडताना पुन्हा दाबला जातो. धडधड, पोटातला गोळा, गार पडलेली बोटं, यांतलं काहीच आपल्या हुकमाने थांबत नाही. “थांब” म्हटल्याने हृदय थांबत नाही, आणि थांबू नयेच. पण श्वास हा असा एक दोर आहे जो आपोआपही चालतो आणि आपण धरला तर आपल्या हातातही येतो. आणि तो बाहेर सोडण्याच्या बाजूने ओढायचा असतो.

म्हणून “दीर्घ श्वास घ्या” हा सल्ला मला अपुरा वाटतो. घाबरलेला माणूस आधीच भराभर श्वास घेत असतो. त्याला आणखी मोठे श्वास घ्यायला लावले तर रक्तातला कार्बन डायऑक्साइड नको तितका कमी होतो, ओठांना, बोटांना मुंग्या येतात, चक्कर येते, आणि आपल्याला काहीतरी भयंकर होतंय असं वाटून तो अधिकच घाबरतो. त्याला सांगायचं ते हळू सोडायला. श्वास घ्यायचा साधाच, नाकाने, मनात चार आकडे मोजत. सोडायचा सहा आकड्यांत. असा एक श्वास दहा सेकंदांचा झाला, म्हणजे मिनिटाला सहा. पाच मिनिटं पुरे. श्वास कोंडून ठेवायची गरज नाही. बीपी, हृदयविकार, दमा असेल किंवा गरोदरपण असेल तर कोंडून ठेवूच नका.

मिनिटाला सहा हा आकडा आकाशातून पडलेला नाही. इटलीतले हृदयतज्ज्ञ लुचियानो बर्नार्दी यांनी २००१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात २३ जणांना जपमाळेवरची लॅटिन प्रार्थना आणि योगपरंपरेतला एक मंत्र म्हणायला लावला. दोन्ही म्हणताना त्यांचा श्वास आपोआप मिनिटाला सहाच्या आसपास आला, आणि हृदयाची लय त्या श्वासाशी जुळली. हे वाचलं तेव्हा मला आमच्या घरची तिन्हीसांज आठवली. दिवा लावून आजी अभंग म्हणायची. म्हणणं हे सगळं श्वास सोडतानाच होतं, त्यामुळे लांब चरण एका दमात म्हटला की सोडण्याचा काळ आपसूक लांबतो. तुमचा देवावर विश्वास असो वा नसो, व्हेगस नस ते विचारत नाही. गाणं म्हणा, श्लोक म्हणा, नुसतं गुणगुणा.

महाराष्ट्राचा या विषयाशी जुना संबंध आहे. लोणावळ्याला स्वामी कुवलयानंदांनी १९२४ मध्ये कैवल्यधाम सुरू केलं ते योगाच्या क्रिया यंत्रांनी मोजून पाहण्यासाठीच. प्राणायाम करताना रक्तदाबाचं काय होतं, श्वासातल्या वायूंचं काय होतं, हे प्रश्न तिथे शंभर वर्षांपूर्वी विचारले गेले. अगदी अलीकडे, २०२३ मध्ये, अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी लोकांना महिनाभर रोज पाच मिनिटं श्वासाचे वेगवेगळे व्यायाम करायला दिले. सर्वांत उजवा ठरला तो प्रकार असा: नाकाने श्वास घ्यायचा, त्यावरच आणखी छोटासा श्वास घ्यायचा आणि मग तोंडाने लांब सोडायचा. करून पाहा. आवाज ओळखीचा वाटेल. भरलेली पिशवी खाली ठेवून पंख्याखाली बसताना आपण “हुश्श” करतो, तोच.

शरीराने पळायची तयारी केली आहे, तर त्याला थोडं पळू द्यावं, हा दुसरा सरळ मार्ग. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला निदान १५० मिनिटं मध्यम व्यायाम सांगते, म्हणजे रोज वीस-बावीस मिनिटं झपझप चालणं. माझ्या पेशंटना मी जिमबद्दल बोलत नाही. स्टेशनबाहेर शेअर रिक्षाच्या रांगेत पंधरा मिनिटं चरफडत उभं राहण्याऐवजी तीच पंधरा मिनिटं चालत या म्हणतो. घर येईपर्यंत ऑफिस मागे पडलेलं असतं. ज्यांचे गुडघे दुखतात त्यांच्यासाठी शिकागोच्या एडमंड जेकबसन यांनी गेल्या शतकाच्या पूर्वार्धात शोधलेली रीत आहे: मूठ पाच-सात सेकंद घट्ट आवळायची आणि सोडून द्यायची, मग दंड, मग खांदे, मग चेहरा, मग पाय. आवळून सोडलेला स्नायू नुसत्या सोडलेल्या स्नायूपेक्षा जास्त सैल पडतो. हे वाचताना तुमचे वरचे-खालचे दात एकमेकांवर टेकलेत का बघा. आरामात असलेल्या जबड्यात ते टेकलेले नसतात, ओठ मिटलेले असले तरी. सकाळी उठल्यावर कानशिलं दुखणाऱ्या कितीतरी जणांचा ताण तिथे मुक्कामाला असतो.

टेन्शन घालवायला लोक ज्या गोष्टींकडे वळतात त्यांबद्दल थोडं कडक बोलतो, कारण नुकसान रोज बघतो. तंबाखू, सिगारेट, मिश्री यांनी बरं वाटतं हे खरं. पण कसलं बरं वाटतं? निकोटीनची सवय लागलेल्या शरीरात ते कमी पडलं की चिडचिड, अस्वस्थता सुरू होते, आणि पुढची चिमूट ती अस्वस्थता शमवते. म्हणजे तंबाखू स्वतःच लावलेली आग स्वतः विझवते आणि त्याचं श्रेय घेते. निकोटीन नाडी आणि बीपी वाढवतं, हे वर. दारूने झोप लवकर लागते, पण उत्तररात्रीची झोप तुटक होते. पहाटे तीनला टक्क जाग येते आणि विचारांची चक्की सुरू होते. चहा-कॉफीतलं कॅफिन अर्धं व्हायला साधारण पाच तास घेतं. संध्याकाळी सहाच्या कपातला अर्धा ऐवज रात्री अकराला रक्तातच असतो. ज्यांना झोप नाही त्यांनी चारनंतरचा चहा आधी सोडून पाहावा, झोपेच्या गोळीचं मग बघू.

झोपेबद्दल एक छोटी, बिनखर्चाची गोष्ट आहे. अंथरुणावर पडल्यावर उद्याची कामं डोक्यात फेर धरतात. २०१८ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात काही तरुणांना झोपण्यापूर्वी पाच मिनिटं उद्याची कामं लिहायला लावली आणि काहींना आज झालेली कामं. उद्याची लिहिणारे काही मिनिटं लवकर झोपले, आणि ज्यांची यादी जास्त बारकाईने लिहिलेली होती ते आणखी लवकर. कागदावर उतरलं की ते विसरू नये म्हणून मेंदूला पहारा द्यावा लागत नाही. वही-पेन उशाशी ठेवा. फोनवर लिहायला जाऊ नका, तिथे यादी राहते बाजूला आणि आपण तासभर भलतीकडेच जातो.

आता जे मला मनापासून सांगायचं आहे ते सांगतो. श्वास, चालणं, झोप हे सगळं खरं, पण ओझं तसंच ठेवून माणसाला नुसते श्वास मोजायला सांगणं हा अन्याय आहे. लंडनमधल्या सरकारी नोकरांचा एक मोठा अभ्यास १९६७ पासून झाला, सुमारे अठरा हजार पुरुषांचा. तोवर समज होता की मोठ्या साहेबाला जबाबदारी मोठी, म्हणून हृदयविकारही त्यालाच. निघालं उलट. जितकी नोकरीची पायरी खालची, तितकं हृदयविकाराने मरण्याचं प्रमाण जास्त. १९८५ मध्ये सुरू झालेल्या पुढच्या अभ्यासात, ज्यात बायकाही होत्या, मायकेल मार्मट आणि सहकाऱ्यांना दिसलं की ज्याला आपल्या कामावर स्वतःचा ताबा नाही, म्हणजे काय करायचं, केव्हा करायचं हे ज्याच्या हातात नाही, त्याच्या हृदयाला धोका अधिक. काम जास्त असण्यापेक्षा ते हातात नसणं जास्त पोखरतं.

सुरुवातीला सांगितलेल्या त्या ताई पुढच्या वेळी नवऱ्याला घेऊन आल्या. मी एक कागद दिला आणि सांगितलं, सध्या डोक्यात जे जे आहे ते लिहा. चौदा गोष्टी झाल्या. मग प्रत्येकीपुढे खूण करायला लावली: हे माझ्या हातात आहे, हे कुणाच्याच हातात नाही, हे दुसरं कुणी करू शकतं. पाच गोष्टी कुणाच्याच हातात नव्हत्या, त्यात सासऱ्यांचा आजार होता. त्यांच्यासाठी मगाचे श्वास. सहा गोष्टी दुसरं कुणी करू शकत होतं: गॅस नोंदवणं, शाळेच्या ग्रुपवरचे निरोप वाचणं, सासऱ्यांच्या गोळ्या संपायच्या आत आणणं, असलीच. नवरा तो कागद हातात धरून बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, “मी मदत करतो हो डॉक्टर, ती सांगेल ते करतो.” ताई म्हणाल्या, “सांगायचं लक्षात ठेवणं हेच तर काम आहे.” मी त्यात काही बोललो नाही, बोलायची गरजच नव्हती. बाहेर जाताना त्याने कागदाचा फोटो काढून घेतला आणि चार गोष्टी स्वतःच्या नावावर घेतल्या. घेतल्या म्हणजे आठवण ठेवण्यासकट.

ज्या पाच गोष्टी कुणाच्याच हातात नसतात त्या कुणाला तरी सांगाव्यात. आपल्याकडच्या बायकांनी शेकडो वर्षं हे जात्याला सांगितलं. सासरचा जाच, माहेरची ओढ, गेलेलं लेकरू, सगळं पहाटेच्या अंधारात पिठाबरोबर बाहेर पडत होतं. हेमा राईरकर आणि गी पॉइट्व्हँ यांनी खेडोपाडी फिरून अशा लाखाहून अधिक ओव्या नोंदवल्या. त्या ओव्यांमध्ये मला दिसतं ते असं: हाताला एकसारखं काम, लांब सुटणारा श्वास, समोर जात्याचा दुसरा खुंटा धरलेली दुसरी बाई, आणि तोंडावाटे निघणारं दुःख. मी वर तुकड्यातुकड्याने सांगतोय ते सगळं तिथे एका जागी होतं. जातं गेलं याचं दुःख नको, त्या कष्टातून बायका सुटल्या हे फार चांगलं झालं. पण समोरचा खुंटा धरणारं माणूस मात्र शोधायला हवं. कुणीच नसेल तर वही. जेम्स पेनेबेकर यांनी १९८६ मध्ये विद्यार्थ्यांना सलग चार दिवस, रोज पंधरा मिनिटं, मनाला लागलेल्या प्रसंगाबद्दल लिहायला लावलं होतं. जे घडलं आणि जे वाटलं, दोन्ही लिहिणाऱ्यांना पुढच्या काही महिन्यांत आजारपणासाठी कमी वेळा डॉक्टरकडे जावं लागलं. लिहिल्यावर सुरुवातीला जड वाटतं, रडूही येतं. ते येऊ द्यावं.

काही गोष्टी मात्र घरी निभावायच्या नाहीत. छातीवर दाब, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ, घाम, धाप यांना टेन्शन किंवा गॅस म्हणून घरी बसू नका. १०८ ला फोन करून थेट हॉस्पिटल गाठा. तपासून काही निघालं नाही तर उत्तमच. हात थरथरणं, वजन उतरणं, सतत धडधड हे ताणासारखं दिसतं पण कधी कधी थायरॉइड असतं, कधी रक्त कमी असतं. साधी रक्ततपासणी होते. आणि दोन आठवड्यांहून अधिक काळ झोप नाही, कशात मन लागत नाही, रोजची कामं होत नाहीत, असं असेल तर ते रोजच्या ताणापलीकडे गेलं आहे, त्याला उपचार आहेत आणि ते लागू पडतात. जगणं नको असा विचार मनात डोकावला तर दोन आठवडेही थांबू नका. टेलि-मानस ही केंद्र सरकारची मोफत सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. १४४१६ हा नंबर दिवसरात्र चालतो आणि मराठीतून बोलता येतं. नाव सांगायलाच हवं असं नाही.

घरातल्यांना मी आता “टेन्शन घेऊ नकोस” ऐवजी काय म्हणा ते सांगतो. घरी आलेल्या माणसाला पहिली वीस मिनिटं काहीच विचारू नका. रिपोर्ट आणलेस का नाही, कुकर लावायचा का नाही, फोन का उचलला नाहीस, सगळं वीस मिनिटांनी. त्या वेळात त्याचं कॉर्टिसोल माथ्यावर आहे असं समजा. मग विचारा, “काय झालं?” आणि उत्तर पूर्ण होईपर्यंत उपाय सुचवू नका.

त्या ताई परवा बीपी दाखवायला एकट्याच आल्या होत्या, १२८/८२. वहीत दोन महिन्यांचे आकडे नीट लिहिलेले. सासऱ्यांची तब्येत तशीच आहे, गाड्याही तशाच उशिरा येतात. मी विचारलं, घरी काय बदललं? म्हणाल्या, “मी दारात आले की हे टीव्हीचा आवाज कमी करतात आणि म्हणतात, आधी बस. चहा मी ठेवतो.”